झोपलेलं बोट

डॉक्टरांनी टेबलावर वाटीभर रंगीत मणी ओतले आणि एक जाड दोरा ठकीपुढे सरकवला.

"मला एक माळ करून दे बघू. लग्नाला जायचंय."

"तुमच्या?"

डॉक्टरांच्या डोक्यावर एकही केस काळा नव्हता. "घरी विचारून सांगतो," ते म्हणाले.

ठकी कामाला लागली. तिने अंगठा आणि मधलं बोट यांच्या चिमटीत लाल मणी धरला आणि अलगद दोऱ्यात ओवला. मग पिवळा. मग पुन्हा लाल. अंगठ्याशेजारचं बोट मात्र तळहाताला चिकटून मिटलेलंच राहिलं.

"बघितलंत?" आई म्हणाली. "बटण लावताना असंच, चमचा धरताना असंच. बालवर्गाच्या बाईंनी लक्षात आणून दिलं, म्हणून तरी कळलं."

भिंतीजवळच्या खुर्चीत ठकीला सांभाळणारी मावशी बसली होती. तिच्याशिवाय ठकी दवाखान्याची पायरी चढत नसे. तिच्या मांडीवर ठकीचे सँडल आणि पाण्याची बाटली असलेली पिशवी होती. मावशीने आपला उजवा हात हळूच पिशवीखाली सरकवला.

डॉक्टरांनी ठकीचं ते बोट उघडलं, वाकवलं, दाबलं. विरोध न करता ते सरळ झालं. सोडलं तसं पुन्हा मिटलं.

"दुखतं का गं?"

ठकीने नाही म्हणून मान हलवली.

"मग या आळशाला कामाला का नाही लावत?"

ठकीने दुसरा हात ओठांशी नेला. "शूऽऽ."

"विचारलं की हे असं करते," आई म्हणाली. "काल रात्री हे म्हणाले, काही होत नाही, माझ्यावर गेलीय. यांना प्रत्येक गोष्ट आपल्यावर गेलेलीच दिसते."

मावशीने मान खाली घातली. गेल्या महिन्यात घरी पाहुणे आले होते, तेव्हाही हेच झालं होतं. ठकीने सगळ्यांच्या समोर आपल्या कोटाची बटणं खालपासून वरपर्यंत लावली होती. टाळ्या वाजल्या. कुणीतरी विचारलं, एवढ्याशा पोरीला शिकवलं कुणी? बाबा म्हणाले होते, माझ्यावर गेलीय. आई म्हणाली होती, अहो, बालवर्गात फार छान करून घेतात. मावशी हातात पेल्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तीन दुपारी ठकी त्या कोटाशी झुंजत रडली होती, ते तिला आठवलं. पण ट्रे जड होता. तो घेऊन ती आत गेली होती.

बागेत भेटणारी, दुसऱ्या घरचं मूल सांभाळणारी बाई नंतर म्हणाली होती, "तू कशाला जिवाला लावून घेतेस? पोरगं पडलं की बघ, सगळ्यात आधी आपलंच नाव घेतात."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "हाड ठीक आहे. सूज नाही. आता नसांची तपासणी केलेली बरी. बारीक सुया टोचून बघतात. लहान आहे, थोडी भूल द्यावी लागेल. बाजूच्या खोलीतच होतं, तासाभरात करून टाकू."

"सुया?" आईने ठकीला जवळ ओढलं. माळेतले चार मणी जमिनीवर घरंगळले.

ठकीने आईकडे पाहिलं नाही. ती मावशीकडे बघत होती, आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला होता.

"ताई, सुया नको," मावशी म्हणाली.

"मावशी, डॉक्टरांना कळतं."

"नाही ताई. मी शिकवलंय तिला तसं."

मावशीने शिकवलंय तिला, हे वाक्य तिने मनात कितीतरी वेळा ऐकलं होतं. पण तिथे ते नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडी असे.

तिने पिशवीखालून हात काढून टेबलावर ठेवला. अंगठ्याशेजारचं बोट तळहातात वळून तसंच घट्ट झालं होतं.

"काच लागली होती मला, लग्नाच्या आधी. तेव्हापासून उघडत नाही. ठकीने विचारलं, हे असं का? म्हटलं, झोपलंय, उठवू नकोस. मग बटणं शिकायला बसली, तेव्हा तिनेही आपलं झोपवलं." ती थांबली. "मला दिसत होतं. मी अडवलं नाही."

आई त्या हाताकडे बघत राहिली. दोन वर्षं रोज सकाळी तिने याच हातातून चहाचा कप घेतला होता.

"सुटलो!" डॉक्टर हसले. "मग नुसती सवय आहे. जाईल. ज्याचं बघून उचललंय, ते काही दिवस समोर येऊ देऊ नका, म्हणजे झालं."

बाहेर बाकावर मावशीने ठकीला बसवलं. आई शेजारीच बाबांशी फोनवर बोलत होती.

"काही नाही हो, सवय आहे. हो, मावशींची... अहो, बटणं काय, चमचा काय, सगळं त्यांच्याकडूनच तर शिकलीय ती. आपण दिवसभर असतो कुठे? ... तेच ना. आता पाळणाघराचं बघायला हवं."

फोन ठेवून तिने थोडा वेळ पर्सची चेन लावली, उघडली.

"मावशी, रागावू नका. थोडे दिवस तिच्यासमोर हाताने काही करू नका. सकाळी मी बघेन, संध्याकाळी हे बघतील."

"आणि दुपारी?"

आईने पर्स बाकावर ठेवली.

ठकीने पाय पुढे केला. "मावशी, सँडल."

मावशीने सँडल आईच्या हातात दिले आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेले.

आई गुडघ्यांवर बसली. बक्कल बारीक होतं, पट्टा नवा आणि कडक. एकदा निसटला, दुसऱ्यांदा निसटला. तिचं लांब नख मध्ये येत होतं.

"असं नाही गं आई." ठकी खाली वाकली. तिने आईचं अंगठ्याशेजारचं बोट आपल्या मुठीत धरलं आणि हळूहळू वाकवून तळहातात मिटवलं. "आधी याला झोपवायचं. शूऽऽ. हं, आता ओढ. घाई नाही, कुणाची गाडी चुकत नाहीये."

आईने बोट सोडवून घेतलं नाही. तिने ओढलं. पट्टा आत सरकला आणि बक्कल बसलं.

"शाब्बास माझी गुणी बाय," ठकी मावशीच्या सुरात म्हणाली आणि आईच्या गालावरून हात फिरवला.

आईने मान वर केली. मावशी दवाखान्याच्या दाराकडे बघत होती. हात पाठीमागेच होते.

ठकीने दुसरा पाय पुढे केला.