लाल टोपीच्या मागे

ओस्निएलला समोरची खोली द्यायची की नाही, हे झेनायदा रविवारी संध्याकाळी सांगणार होती. तिच्याकडेच राहणाऱ्या भाचीनं, यामिलेनं, त्यासाठी आठवडाभर लाडीगोडी लावली होती. दोघांचं लग्न ठरलेलं. आलामारला ओस्निएलच्या आईकडे दोन खोल्यांत पाच माणसं, आणि इथे मध्य हवानात, मावशीच्या समोरच्या खोलीत, एक शिवणयंत्र तेवढं ऐसपैस राहत होतं. झेनायदा म्हणाली, आधी आपण तिघं समुद्रावर जाऊन येऊ. ग्वानाबोला. बसनं, एका दिवसात.

घरात आणि चर्चमध्ये कोणीही चांगलाच वागतो. माणूस पारखायचा तर ग्वानाबोच्या बसला, असं तिचं ठाम मत होतं. नवऱ्यालाही तिनं तिथेच पारखलं होतं. फक्त लग्नानंतर, म्हणजे जरा उशिरा.

ओस्निएल स्टेशनजवळच्या थांब्यावर आला तो केसांना अर्धी डबी जेल थापून, पांढरा शर्ट घालून आणि काखोटीला स्पीकर मारून. खायला काही आणलं नव्हतं. झेनायदाकडे भात आणि काळ्या घेवड्याचा डबा, सहा उकडलेली अंडी, फ्रीजमध्ये दगड केलेली पाण्याची बाटली. त्यानं हसत पिशवी घेतली आणि तिला मावशी म्हणाला.

"सध्या झेनायदाबाई म्हण," ती म्हणाली. "मावशीचं संध्याकाळी बघू."

बसमध्ये त्यानं एका शिपायाशी गप्पा मारून तिला जागा मिळवून दिली. म्हणजे लघळ आहे, हे तिनं टिपून ठेवलं. मग दांड्याला लोंबकळत तो कुठली बस कुठे वळते ते तिला समजावत राहिला, जणू ती कालच डोंगरातून खाली उतरली होती. बडबड्या, हेही टिपलं. शर्टाला बस पुसली गेली तरी त्याला पत्ता नव्हता.

समुद्रावर अख्खी हवाना आली होती. ही माणसं पोहायला येत नाहीत. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून, हातात रमची बाटली धरून, घरी जे रोज बोलतात तेच इथे मोठ्यानं बोलतात, आणि संध्याकाळी भाजलेले खांदे घेऊन परत जातात. यामिले आणि ओस्निएल त्यांच्यातच जाऊन उभे राहिले. झेनायदा बदामाच्या झाडाखाली बसून सगळ्यांची पोटं पाहत होती.

दीड वाजता ओस्निएल परतीच्या बसचा नंबर लावायला गेला. हवानाची रांग डोळ्यांना दिसत नाही, ती लोकांच्या डोक्यात असते. थांब्यावर जाऊन विचारायचं, शेवटचं कोण? कोणीतरी हात वर करतो, आपण त्याच्या मागे. तो कोणाच्या मागे आहे हेही विचारून ठेवायचं, कारण तो कंटाळून निघून गेला तर आपल्याला धरायला कोणीतरी हवं. आणि आपल्या मागचा माणूस येईपर्यंत हलायचं नाही. त्याला आपण किती जण ते सांगून आपलं शेवटचेपण सोपवायचं, मग खुशाल सावलीत जाऊन झोपायचं. दूधपिती मुलंही हे जाणतात.

ओस्निएल पाच मिनिटांत परत आला.

"काम फत्ते. लाल टोपीवाल्याच्या मागे आपण."

"आणि लाल टोपी कोणाच्या मागे?"

"ते कशाला हवंय? त्याचं पोट बघा, तो काय पळून जातोय."

झेनायदानं अंडं सोललं. मागे कोण आलं, हे तर तिनं विचारलंही नाही. उत्तर तिला ठाऊक होतं. थोड्या वेळानं पाय मोकळे करायच्या निमित्तानं ती थांब्यावर गेली. लाल टोपीनं सांगितलं, कोणी पोरगा विचारून गेला खरा, पण थांबला नाही. मी हिरव्या छत्रीवाल्या बाईंच्या मागे. झेनायदा छत्रीवालीला ओळख दाखवून आली आणि लाल टोपीच्या मागे उभी राहिली. तेवढ्यात बर्फाची पेटी घेतलेला एक टकला आला आणि त्यानं शेवटचं कोण विचारलं.

तिनं हात वर केला.

"बरोबर कोणी?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "मी एकटी."

हे म्हणताना तिला फार बरं वाटलं. यामिले काय, काडीसारखी पोरगी, ऐन वेळी आत सरकवून घेता येईल. राहील तो मागे, स्पीकर वाजवत.

साडेतीनला लाल टोपीला ओळखीचा ट्रक मिळाला. टोपी, बायको, दोन मुलं, सगळे हात हलवत गेले. झेनायदानं ते झाडाखालून पाहिलं. ते दोघं पाण्यात होते आणि तिनं त्यांना हाक मारली नाही.

बस आली तेव्हा अदृश्य रांग क्षणात सरळ उभी राहिली. ओस्निएल लाल टोपी शोधत इकडून तिकडे पळाला. कोणी त्याला ओळखेना. हिरवी छत्री चढली, तिच्या मागे झेनायदा, आणि पायरीवरून तिनं हात मागे केला.

"यामिले, चल लवकर."

टकल्यानं पेटी आडवी धरली.

"या बाई एकट्या आहेत."

"माझी भाची आहे ती."

"मी विचारलं होतं, बाई. बरोबर कोणी? तुम्ही म्हणालात, कोणी नाही. दोन वाजल्यापासून मी एकच माणूस मोजतोय, माझ्या मागच्यांनाही तेच सांगितलंय."

मागच्यांनी माना डोलावल्या. ग्वानाबोत याहून जास्त साक्षीपुरावा लागत नाही.

यामिलेनं मावशीकडे पाहिलं. "तू दोन वाजता इथे आली होतीस?"

झेनायदाचा हात तसाच मागे पसरलेला राहिला. यामिले हात न धरताच मागे सरली. ओस्निएल रांगेच्या शेपटाकडे जाऊन शेवटचं कोण ते विचारत होता, आणि या वेळी तो कोणाच्या मागे हेही. त्याला राग आला नव्हता, हा झेनायदाला त्याचा सगळ्यात मोठा गुन्हा वाटला. उतरावं असं तिच्या मनात आलं. पण दारात ती पेटी अडकली होती, आणि पेटी नसती तरी ती उतरली असती की नाही कोण जाणे. तिला खिडकीजवळची जागा मिळाली. छत्रीवाली सगळी वाट दुसरीकडे तोंड करून बसली.

घरी येऊन झेनायदानं शिवणयंत्र एकटीनं ढकलत आपल्या खोलीत नेलं. समोरची खोली झाडली.

दोघं आली तेव्हा दिवेलागण झाली होती. ओस्निएलनं रिकामा डबा आणि बाटली टेबलावर ठेवली. झेनायदानं झाडलेल्या खोलीचं दार उघडून दाखवलं आणि म्हणाली, हवं तर आजपासून. यामिले वळली ती आतल्या खोलीत, आपल्या कपाटाकडे. आलामारला पाचाचे सहा होतील, ती म्हणाली, होऊ देत. आवाज चढला नव्हता.

कपड्यांचं गाठोडं ओस्निएल चादरीत बांधू लागला. गाठ इतकी सैल की आलामारच्या बसपर्यंत निम्मे कपडे रस्त्यावर आले असते. झेनायदानं थोडा वेळ ते पाहिलं. मग त्याच्या हातातून चादर ओढून घेतली, गाठ सोडली, गुडघा रोवून पुन्हा घट्ट बांधली आणि गाठोडं त्याच्या हातात दिलं.