कारंज्यामागची शेपू

"शेपू पेरीली बांधाला, वास जातो गं गावाला,
चोर दिसेना डोळ्याला, बाई पुसावं नाकाला."

कोल्हारच्या मळ्यात खुरपताना आई ही ओवी म्हणायची. मालनबाईच्या कानात तो आवाज अजून ओला होता. म्हणूनच की काय, नगरच्या भर वस्तीतल्या ऑफिसांच्या संकुलात ती बागकामाला लागली आणि कारंज्यामागचं विलायती गवत जळालं, तेव्हा त्या रिकाम्या वाफ्यात तिनं गुपचूप शेपूचं मूठभर बी फोकलं. नुसतं दिसण्यापुरतं जगायचं म्हटलं, तर मातीलाही कंटाळा येतोच की!

पण सुपरवायझर काकासाहेबांचा दंडक कडक. "बागेत खायचं एक पान दिसलं, की दुसऱ्या दिवशी कामावर यायचं नाही!"

शेपू हिरव्या पिसांसारखी डुलू लागली. आणि एका सकाळी बघते तर वाफ्याची कड खुडलेली. मग दुसरी कड. मालनबाई चडफडली. बोंब तरी कशी मारायची? चोरीची तक्रार करावी, तर मालच चोरून पेरलेला!

"कोन मुडदा खातोय माझी भाजी?" तिनं कारंज्याला विचारलं. कारंजं नुसतं खिदळलं.

अशात बागेची आखणी करणाऱ्या मोनिका मॅडम पाहणीला आल्या. काकासाहेब मागोमाग, खांद्याला डब्याची पिशवी. मॅडम नेमक्या त्याच वाफ्यापाशी थांबल्या.

"किती नाजूक! काय आहे हे?"

मालनबाईनं पदर तोंडाला लावला. संपलं आपलं काम!

"विलायती पिसारा, मॅडम," काकासाहेब गंभीरपणे म्हणाले. "शोभेचा."

"आणि हा वास?"

"कारंज्याचं पाणी बदलायचंय."

"छान दिसतंय. सगळ्या वाफ्यांत हेच लावा!" म्हणून मॅडम गाडीत बसल्या.

मालनबाई आ वासून उभी. ह्या माणसानं आपल्याला वाचवलं? तेवढ्यात वारा फिरला. काकासाहेबांच्या पिशवीतून लसणाच्या फोडणीतला, मुगडाळीतला ओळखीचा दरवळ आला.

"सायेब, डब्यात काय हाय?"

"काही नाही. बटाटा."

"बटाट्याला लई वास सुटलाय वो!"

काकासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. पिशवी पोटाशी धरली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"घरात सुनेला हा वास चालत नाही, मालनबाई. गच्चीवर स्टोव्ह मांडून शिजवतो," ते पुटपुटले. "तुमची शेपू मीच खुडत होतो."