मागच्या दारावरचा अंगठा

"इथे बघा," डॉक्टर स्ट्रिकलँड म्हणाले आणि त्यांनी खिशातली बारकी टॉर्च डाव्या बाजूच्या मागच्या दारावर तिरकी धरली. दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टरची टॉर्च ती, तोंडाच्या कोपऱ्यातली कीड शोधायला केलेली. खिडकीच्या कडेखाली चार बोटांवर, पारदर्शक फिल्मच्या आत, एक अंगठा उमटलेला होता. रुंद, करडा, रेघ न रेघ स्पष्ट. फिल्मच्या वर असता तर बाहीने पुसला असता. आत होता, म्हणजे फिल्म टिकेल तितकी वर्षे तोही टिकणार होता.

गाडी बिनरंगाच्या पोलादाची होती. विजेवर चालणारी पिकअप, सगळी कोनाकोनांची, भूमितीच्या पेपरात वेळ उरला म्हणून कुणी काढली असावी अशी. हिला हातोड्याने काही होत नाही, हे डॉक्टर भेटेल त्याला सांगत असत. बोटाने होते, हे त्यांना पहिल्याच रविवारी कळले. नातवंडे जेवायला आली, गाडीभोवती दोन फेऱ्या मारून गेली, आणि डॉक्टर संध्याकाळभर फडके घेऊन अंगणात उभे राहिले. सोमवारी त्यांनी बेलेअर रस्त्यावरच्या डेरिक लुओंगच्या दुकानात फोन केला. सबंध गाडीला डाग-ओरखड्यांपासून वाचवणारी पारदर्शक फिल्म लावून हवी होती. ह्यूस्टनमध्ये अशा गाड्या बाळगणाऱ्यांचे एक मंडळ होते आणि डॉक्टर त्याचे चिटणीस होते, हेही त्यांनी फोनवरच सांगून ठेवले.

डेरिक टॉर्चच्या उजेडात वाकला. वाकण्याआधी मात्र त्याने न्यानआत्याकडे बघून घेतले.

खोंग थी न्यान एकसष्ट वर्षांची होती. दुकानात सगळे तिला आत्या म्हणत, कापणीच्या मशीनवरचा रुबेनसुद्धा, जो एल साल्वाडोरचा होता आणि ज्याला स्वतःच्या चार आत्या होत्या. डेरिकच्या वडिलांनी दुकान काढले तेव्हापासून, म्हणजे एकोणीस वर्षे, ती गाड्यांना फिल्म लावत होती. त्याआधी अकरा वर्षे तिने बायकांची नखे रंगवली. दोन्ही कामे एकच आहेत असे ती म्हणे: माणूस आपली ऐट आपल्यासमोर ठेवतो, आपण तिच्यावर एक थर चढवायचा, आणि बुडबुडा राहू द्यायचा नाही. फरक इतकाच की गाडी नवऱ्याबद्दल बोलत नाही.

वडील गेल्या वर्षी वारले. मार्चमध्ये डेरिकने फिल्म कापणीचे कॉम्प्युटरवाले मशीन आणले आणि आत्याने आता गाड्या धुण्याच्या बाजूला यावे, तिकडे बसून काम असते, असे तो सुचवू लागला. धुण्याच्या बाजूला बसलेला माणूस दुकानाच्या इतिहासात कुणी पाहिला नव्हता. आत्या ऐकून घेई आणि पाण्यात शाम्पू मिसळायला निघून जाई. तिला हलवणे डेरिकला सोपे नव्हते. प्रत्येक गाडीबरोबर हमीचे कार्ड जाई आणि त्यावर फिल्म लावणाऱ्याचे नाव असे. कार्डाची एक प्रत फिल्मची कंपनी जपून ठेवी. तिथे न्यानच्या नावापुढे दोषाच्या रकान्यात एकोणीस वर्षांत काही लिहिले गेलेले नव्हते. ह्यूस्टनमध्ये असे एकच नाव होते. एक नोंद पडली की कार्डावरची तिची सही कंपनी बंद करणार होती, आणि सही बंद झाली की धुण्याची बाजू.

म्हणून डेरिकने अंगठा पाहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दुःख जेवढे यायला हवे होते तेवढे आले नाही.

तो डॉक्टरांशी फार सभ्यपणे बोलला. आमच्याकडे जुना हात आहे, म्हणाला, हात जुना झाला की नजर मागे पडते, सोमवारपासून आम्ही बदल करतोच आहोत. दार फुकट नवे करून देऊ. मग त्याने कार्ड काढले, दोषाचा रकाना समोर येईल अशी घडी घातली आणि पेन आत्यापुढे धरले.

आत्याने पेन घेतले नाही. टॉर्च घेतली.

ती खूप वेळ बघत होती. दारांना फिल्म लावायची तिची रीत दुकानात सगळ्यांना पाठ होती. आधी फरशीवर पाणी मारायचे, म्हणजे धूळ बसते. मग दार स्पिरिटने दोनदा पुसायचे, एकदा उभे, एकदा पोलादाच्या रेषेने आडवे. लगेच शाम्पूचे पाणी फवारायचे आणि ओल्या दारावर फिल्म टाकून रबरी पट्टीने पाणी बाहेर काढायचे. कडा ती पात्याने कापत नसे. रंगाच्या गाडीवर पाते घसरले तर घासून निभावता येते. उघड्या पोलादावरचा ओरखडा गाडीबरोबर म्हातारा होतो. त्यासाठी तिच्याकडे पोटात दोरा असलेली टेप होती. दोरा ओढला की फिल्म शिवणीसारखी उसवे. या सगळ्यात कुणाचे बोट दाराला लागायला एकच जागा होती: पुसून झाल्यावर आणि पाणी मारण्याआधी. ओल्यात ठसा दिसत नाही. दोन दिवसांनी आतले पाणी सुकले की तो वर येतो.

"गुरुवारी हे दार पुसलं आणि फिल्म आणायला गेले," ती म्हणाली. "बारा पावलं जायला, बारा यायला. तेवढ्यात कुणीतरी हात लावलाय. हा माझा नाही."

डेरिकने सुस्कारा टाकला. आत्या, अंगठा काय बोलतो का, असे त्याने विचारले.

 आत्या गाडीच्या मागे गेली. मागच्या फाळक्याला अजून फिल्म लागायची होती, तो उघडाच होता, आरशासारखा नाही पण त्याच्या वळणावर गेलेला. तिने दोन्ही हात पँटला पुसले आणि दहाही बोटे फाळक्यावर दाबली, पियानोवर ठेवतात तशी. मग हात उचलले आणि टॉर्च तिरकी धरली.

दहा गोल उमटले होते. रेघ एकाही गोलात नव्हती. साबणाच्या वडीने दहा ठिकाणी टेकून बघितल्यासारखे ते दिसत होते.

अकरा वर्षे ॲसिटोन आणि एकोणीस वर्षे स्पिरिट, गरम हवा आणि रबरी पट्टी. बोटे झिजून गेली होती. नागरिकत्वासाठी ठसे द्यायला गेली तेव्हा सरकारी माणसाने तिला तीनदा हात धुवायला लावले, मलम चोळले, शेवटी मशीन बदलले. दोन्ही मशीनांनी अशी बाई नसल्याचे कळवले. मग, जिथे जिथे राहिलात तिथल्या पोलिसांकडून चांगल्या वर्तणुकीचे दाखले आणा, असे पत्र आले, आणि तिने ते आणलेही. पोलिसांच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहून आपण काही केलेले नाही हे लिहून घेणारी बाई म्हणून ती त्या वर्षी मोहल्ल्यात गाजली होती. नव्या वर्षाच्या जेवणाला हा किस्सा ती अजून सांगे आणि सगळ्यांत आधी स्वतः हसे.

आत्ता ती हसत नव्हती. तिने रुबेनला बोलावले. रुबेनने काही न विचारता आपला अंगठा तिच्या गोलांशेजारी दाबला, बारीक, लांबट. डेरिककडे तिने नुसते बघितले. त्यानेही दाबला, जरा जोरातच. त्याच्या अंगठ्यावर भोवरा होता. दारावरच्या अंगठ्यावर भोवरा नव्हता. तिथे कमानी होत्या आणि त्यांना तिरकी छेदून गेलेली एक पांढरी रेघ होती, जुन्या जखमेची असते तशी.

डॉक्टर स्ट्रिकलँड आता रंगात आले होते. शनिवारची सकाळ इतकी चांगली जाईल असे त्यांना वाटले नव्हते. पोलीस असेच करतात, म्हणाले. आधी घरातल्या सगळ्यांचे ठसे घेतात, मग एकेक नाव खोडत जातात. मग माझाही घ्या, उगाच कुणी म्हणायला नको. त्यांनी उजवा अंगठा फाळक्यावर टेकवला, उचलला, आणि टॉर्चसाठी स्वतःच हात पुढे केला.

कमानी होत्या. त्यांना छेदून तिरकी रेघ गेली होती.

तारा वाकवताना एकदा लागले होते, असे डॉक्टर हळूच म्हणाले. कुणी त्यांना विचारलेले नव्हते. मग त्यांना गुरुवार आठवला. ते दुपारी डोकावले होते. दार इतके स्वच्छ दिसत होते की खरेच इतके स्वच्छ आहे का, हे त्यांनी बघितले होते. माणूस स्वच्छता बघतो कशाने, तर बोटानेच.

रुबेन मशीनकडे परत गेला. मशीन बंद होते, तरी तो त्याच्याकडे लक्षपूर्वक बघत उभा राहिला.

सगळ्यांत आधी सावरला डेरिक. अंगठे साधारण सारखेच दिसतात, म्हणाला, शास्त्र काही इतके पक्के नसते. डॉक्टर आपला अंगठा उजेडात धरून बघत होते. तेव्हा डेरिकने आत्याला दोन पावले बाजूला घेतले आणि तो व्हिएतनामीत बोलू लागला, म्हणजे डॉक्टरांना कळू नये. आत्या, मंडळाच्या चाळीस गाड्या यायच्या आहेत. गिऱ्हाइकाच्या तोंडावर गिऱ्हाइकाची चूक कशी टाकायची? तुम्ही सही करून टाका. तुमचे वय आहे, कुणी वाईट म्हणणार नाही, सगळे समजून घेतील. बाबा असते तर त्यांनी हेच सांगितले असते.

आत्याने शेवटच्या वाक्यापर्यंत ऐकून घेतले. मग ती वळली आणि इंग्रजीत बोलली. तिचे इंग्रजी मोजकेच होते, पण सांभाळून घेण्याचे शब्द तिने त्यात कधी शिकून ठेवले नव्हते.

"डॉक्टर, हा म्हणतो, तुमचा अंगठा मी माझ्या नावावर घ्यावा," ती म्हणाली. "मी घेणार नाही. माझ्या फिल्मखाली एकोणीस वर्षांत माशीचा पंख सापडलेला नाही. मला बोटांचे ठसे नाहीत, नाव आहे. तेवढंच आहे."

डेरिकने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांचा चेहरा कानापासून लाल होत गेला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना तोंड उघडे ठेवायला सांगितले होते. आता त्यांचे स्वतःचे उघडे राहिले होते आणि ते मिटायला कुणी सांगत नव्हते.

"पण पाठ मी फिरवली," आत्या म्हणाली. "तेवढी चूक माझी. ती लिहीन. दार आता नवं करते. उभं राहायचं तर राहा. हात खिशात घाला."

डॉक्टरांनी हात खिशात घातले. तिने डेरिककडे बघितले. तो दुकानाचा मालक होता, आणि तिने त्याला, दुकान निघण्याच्याही आधी, डायपरमध्ये पाहिलेले होते. त्यानेही घातले.

तिने गरम पाणी मारले, फिल्मचा एक कोपरा नखाने उचलला आणि घाई न करता, पोलादाला जवळजवळ चिकटूनच, ती मागे ओढत नेली. अख्खे दार एका तुकड्यात सुटले. मागे उरलेला अंगठा तिने स्पिरिटच्या एका फटक्यात पुसला. इतका वेळ चाललेल्या गोष्टीला तेवढेच लागले. फरशीवर पाणी. उभे पुसणे, आडवे पुसणे. या वेळी फिल्म तिने आधीच हाताशी ठेवली होती. दीड तास पट्टी चालली. बाहेर ऑगस्ट होता आणि आत पंखा बंद, कारण पंखा धूळ उडवतो. डॉक्टरांच्या नाकावरून घामाचा थेंब ओठावर आला, तिथून हनुवटीवर गेला. ते त्याच्याकडे तिरके बघत राहिले, पण हात काढला नाही. एकदा त्यांचा फोन वाजला. तो वाजून वाजून थांबला.

शेवटचा दोरा ओढून झाल्यावर आत्याने हात पुसले, कार्ड उलगडले आणि एकोणीस वर्षे कोऱ्या राहिलेल्या दोषाच्या रकान्यात स्वतः लिहिले. अक्षर बारीक होते, सगळे त्यात बसावे म्हणून. 'पुसल्यावर पाठ फिरवली: न्यान. अंगठा, उजवा: गाडीचे मालक.' खाली तिने पूर्ण नावाने सही केली. मग पेन डेरिकपुढे न धरता डॉक्टरांपुढे धरले.

डॉक्टरांनी कार्ड वाचले. डेरिकने काहीतरी बोलायला सुरुवात केली, हे मंडळापर्यंत जाण्याची तशी काही गरज नाही, असे काहीसे. डॉक्टरांनी त्याला नजरेनेच थांबवले. मग त्यांनी उजवा हात खिशातून काढला, तो एकदा उलटसुलट करून बघितला, आणि तिच्या नावाखाली सही केली.

पेन परत देऊन त्यांनी हात पुन्हा खिशात घातला. दुकानाचे दार त्यांनी कोपराने उघडले.