बनीचा सत्कार

झेंडूच्या हाराला मुंग्या लागल्या होत्या. आकाराम मास्तर शाळेच्या ओट्यावर बसून एकेक मुंगी चिमटीत धरून फेकत होता आणि हेडमास्तर नानासो शेजारी उभे राहून पान चघळत होते. हार पहाटेपासून पाण्यात बुडवून ठेवलेला. त्याचं गार, उग्र वासाचं पाणी आकारामच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

"ह्यो हार तपासणीला येणाऱ्या दिपोटी साहेबांना न्हवं?" त्याने विचारलं.

"साहेबांना येगळा. ह्यो तुझ्या बनीला." नानासोंनी भिंतीच्या कोपऱ्यात पिंक टाकली. "येडी पोर शाणी झाली, गड्या! साहेब सवताच्या हातानं घालणार. मागनं तिच्या वाड्यातली माणसं भंडारा उधळणार. समदा गाव बोलावलाय."



बनी धनगरवाड्यातल्या हरणाबाईची, नऊ वर्षांची. मेंढरांमागे नेता येईना, म्हणून आईने दोन वर्षांपूर्वी तिला कवठ्याकडच्या या शाळेत आणून बसवलं. हाक मारली तर बघायची नाही. कुणाचा हात लागला की चावायची, नाहीतर भिंतीवर डोकं आपटायची. ओलं किंवा चिकट काही अंगावर पडलं तर तासभर किंकाळ्या. गावाने तिला केव्हाच वेडी ठरवून टाकलं होतं. कुणाला तरी वेडं ठरवल्याशिवाय आपण शहाणे असल्याची खात्री गावाला पटत नाही.

आकारामने तिला एकच शब्द शिकवला होता. ओलं फडकं तिच्यापासून हातभर लांब धरायचं, तिच्या वतीने आपणच "नगं" म्हणायचं आणि फडकं मागे घ्यायचं. रोज दहा वेळा, अकरा महिने. वर्गातली पोरं फिदीफिदी हसायची. मग एका दुपारी त्याच्याआधी बनीच म्हणाली, "नगं." त्याने फडकं खिडकीबाहेर भिरकावलं आणि शाळा तासभर आधी सोडून दिली.

त्या दिवसापासून तिने कुणाला चावलं नव्हतं. गरजच उरली नव्हती. ती नगं म्हणाली की आकाराम मागे सरायचा आणि पोरांनाही मागे सरायला लावायचा. पाटीपुढे बसणं, बोट फिरवणं, 'श्री' काढणं, हे सगळं त्या शब्दामागून आलं. नानासोंना दिसला तो फक्त 'श्री'.

"आवं हेडमास्तर, तिला हार सोसायचा न्हाई. भंडारा तर न्हाईच न्हाई. श्री काढती, तेवढंच साहेबांना बघू द्या की."

"लोकांना पाटीवरचं काय दिसतंय? हार दिसतो." नानासोंनी ओठांच्या कडेचा लाल ओघळ अंगठ्याने पुसला आणि अंगठा ओट्याच्या खांबाला पुसला. "तुला कायम करायचा कागद बी आजच साहेबांम्होरं ठेवतोय. शेरा चांगला पडला तर तू हितं. न्हाईतर हाय तुझं गाव पलूस आन भावाचा ऊस."

आकारामने पुढची मुंगी धरली. आपण गेलो तर बनीच्या नगंला मागे सरणारं इथे कुणी उरणार नाही. त्याने स्वतःला असंच समजावलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

दिपोटी साहेब आले ते जेवूनच वर्गात शिरले. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष उलटलं तरी साखर रेशनवर होती, पण साहेबांच्या ताटाला बासुंदी कमी पडली नव्हती. मिशांना तिचा ओला पिवळेपणा अजून होता. खुर्चीत टेकून त्यांनी ढेकर दिला आणि नानासो असे हसले, की जणू शाबासकीच मिळाली.

बनीने पाटीवर श्री काढला. माणसं वा वा म्हणाली.

"पूर्वी हिचं काय होतं?" साहेबांनी विचारलं.

नानासोंनी स्वतःचा दंड तोंडाशी नेऊन चावून दाखवला, डोळे फिरवले, किंकाळी फोडली. वर्ग, ओटा, खिडक्या, सगळे खदखदून हसले. हरणाबाईही पदर तोंडाला लावून हसली, कारण सगळे हसत होते. आकारामला एकेका माणसाची शिसारी आली. इथून उठावं आणि विहिरीवर जाऊन अंग खरवडून धुवावं, असं त्याला वाटलं.

साहेब हार घेऊन पुढे आले.

"नगं," बनी म्हणाली.

खणखणीत म्हणाली. एवढी माणसं, एवढा गोंगाट, तरी चावली नाही, डोकं आपटलं नाही. अकरा महिन्यांचं पीक ते हेच. आकारामचा ऊर भरून आला. टाळी मात्र एकही वाजली नाही.

"काय म्हणाली ती?"

"लाजती, साहेब." नानासोंचे डोळे आकारामकडे वळले. "मास्तर, तुमचं ऐकती. धरा जरा तिला."

साहेबांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. टेबलावर शेरेबुकाशेजारी आकारामचा कागद होता.

आकाराम उठला. बनी कुणाच्या तोंडाकडे बघत नसे. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. "नगं," ती पुन्हा म्हणाली, पण आता हळू, आणि तिचे आवळलेले खांदे सैल पडले. मास्तर आले होते. आता सगळे मागे सरणार होते.

त्याने तिचे दोन्ही खांदे धरले.

हार पडला. पाणी तिच्या मानेवरून झग्यात उतरलं. मागून भंडाऱ्याची मूठ आली, मग दुसरी, आणि ओल्या मानेवर हळदीचा लगदा झाला. तिसऱ्यांदा नगं म्हणायला तिचे ओठ विलगले आणि मिटले. ती चावली नाही, ओरडलीही नाही. टाळ्यांनी कौलं हलली.

"बघा, कशी गप उभी हाय!" नानासो ओरडले. साहेबांनी शेरा लिहिला, कागदावर सही केली.

गर्दी पांगल्यावर हरणाबाई आकारामच्या पायाशी वाकली. तिचे डोळे वाहत होते. उठून तिने कमरेच्या पुडीतून पेढा काढला आणि लेकीच्या तोंडापाशी नेला. दुधाच्या नुसत्या वासाने बनी पळायची. आज तिने तोंड उघडलं, पेढा खाल्ला. आईने दुसरा दिला, तोही खाल्ला.

"बगा मास्तर, काय बी दिलं तरी घेती आता. लय उपकार झालं तुमचं."

आकाराम बनीपुढे गुडघ्यावर बसला. तिच्या मानेवरचा हार काढला आणि पाठीमागे ठेवला.

"बनी," तो म्हणाला, "नगं म्हण. एकडाव नगं म्हण, बाळ."

बनीने तोंड उघडलं आणि पुढच्या पेढ्यासाठी तसंच उघडं ठेवलं.