धुक्यातले काका

मी जेलीचे ठोकळे करते. एवढं सांगितलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, म्हणून पुढचंही लगेच सांगून टाकते: त्या ठोकळ्यांवर गोळ्या झाडतात. माणसाचं मांस जेवढं मऊ, तेवढाच मऊ ठोकळा लागतो. कोमट पाण्यात जिलेटिनची पूड ढवळायची, वरचा फेस काढायचा, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि दोन दिवस थंड खोलीत ठेवायचं. तयार ठोकळ्यातून पलीकडे उभं असलेलं माणूस दिसतं, पण जरा लांबचं, जरा पिवळट, आणि ते बोलत असलं तरी कुठल्यातरी दुसऱ्याच सकाळी बोलतंय असं वाटतं. बावीस वर्षं मी त्या खोलीत काढली. तिथे कुणी वाद घालत नाही, म्हणून मला ती आवडते.

वाद बाहेर चालतो. पायदळाची रायफल पुरेशी जोरदार आहे का, हे ठरवायला समिती बसली होती आणि तिच्यात दोन तट पडले होते. मी त्यांना जाडे आणि बारीक म्हणायचे. जाड्यांचं म्हणणं असं की आताची बारीक गोळी सुईसारखी आरपार जाते आणि समोरचा चालतच राहतो. तेव्हा जुनी जाड गोळी परत आणा. बारीक म्हणायचे, तेवढं ओझं घेऊन शिपाई डोंगर चढणार कसा? त्याच वजनात बारीक गोळ्या दुप्पट मावतात. दोघेही हट्टाला पेटलेले. त्यातल्या बहुतेकांनी उभ्या जन्मात माझ्या ठोकळ्यांखेरीज कशावर गोळी झाडलेली नव्हती.

शेवटी तोडगा निघाला. ज्या जुन्या शिपायांची हीच बारीक गोळी लागूनही समोरचा माणूस चालत गेला, त्यांचे जबाब मागवायचे. जबाबात असेल तेवढ्या अंतरावरून, तसेच कपडे चढवून, माझ्या ठोकळ्यावर गोळी झाडायची. मग त्या शिपायाला समोर बोलावून विचारायचं. दहा जबाब आले. चौथा माझ्या बाबांचा होता.

तो मला वाचावाही लागला नाही, कारण ती गोष्ट ऐकतच मी मोठी झाले. पहाटेचं धुकं, ऐंशी पावलं, समोर जाड लोकरी कोटातला एक माणूस. बाबा एकच गोळी झाडतात. माणूस पडतो. मग उठतो, गुडघे झटकतो, टोपी उचलतो आणि झाडांकडे चालू लागतो. "आपली रायफल अगदीच फुसकी," असं म्हणून बाबा गोष्ट संपवायचे.

आम्ही ती संपू द्यायचो नाही. मी आणि ताई विचारायचो, मग तो माणूस कुठे गेला? बाबा डोळे मिटायचे आणि त्यांना सगळं दिसायचं. तो नदी ओलांडून घरी गेला. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. मग त्याने घड्याळदुरुस्तीचं दुकान काढलं. आम्ही त्यांना धुक्यातले काका म्हणू लागलो, आणि ते घरातल्या माणसासारखे आमच्याबरोबर वाढत गेले. मी गणितात नापास झाले तेव्हा त्यांचीही धाकटी नापास झाली होती. आईचे गुडघे धरले, त्यांचेही धरले. "तुमच्या त्या पाहुण्याला एकदा जेवायला तरी बोलवा," असं आई बाबांना चिडवायची. दुपारी डुलकी लागली की मला ते दिसायचे. पाठमोरे, खांद्यावर धुकं घेऊन सावकाश चालणारे. आई गेली त्या वर्षी बाबा म्हणाले, तोही आता एकटाच राहतो.

चाचणीच्या दिवशी मी कोठारातून जाड लोकरी कोट काढला आणि चौथ्या ठोकळ्यावर चढवला. ऐंशी पावलं मोजली. गोळी गेली. ठोकळा क्षणभर फुगला, थरथरला आणि शांत झाला. कोट काढून पाहते तर चार बोटं आत गेल्यावर गोळी आडवी झालेली, आणि तिथून पुढे मूठ मावेल एवढं सगळं फाटलेलं. असं झालेला माणूस गुडघे झटकत नाही. बाबा कधी रायफलीची तक्रार करतच नव्हते, हे मला इतक्या वर्षांनी त्या ठोकळ्यासमोर कळलं. ती फुसकी असावी म्हणून ते देव पाण्यात घालून बसले होते.

कुणाला न विचारता मी दुसरा ठोकळा लावला. तोच प्रकार. तिसऱ्यावर एकावर एक दोन कोट चढवले.

"बाई, मफलरही गुंडाळू का?" गोळी झाडणारा हसला.

"गप झाड," मी खेकसले.

तिसराही तसाच फाटला. दहापैकी दोन ठोकळ्यांत मात्र खरंच सुईएवढं भोक पडलं होतं, पण ते फार लांबून झाडलेले. म्हणजे जाडे अगदीच खोटं बोलत नव्हते. त्यातला नववा ठोकळा मी उचलला आणि त्यावर चार नंबरची चिठ्ठी लावली. नोकरी जाईल असं काम होतं. तरी केलं.

सुनावणीला बाबा तासभर आधीच आले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट.

"माझा दाखव," ते म्हणाले.

थंड खोलीत त्यांच्या श्वासाची वाफ होत होती. मी नववा ठोकळा उजेडाच्या टेबलावर ठेवला. आत केसाएवढी सरळ रेघ, बाकी सगळं नितळ. बाबांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला रडूच आलं.

"बघ, म्हणत होतो ना! एवढंसं. एवढ्याने काय होतंय माणसाला?"

"काही नाही होत, बाबा."

ते पुन्हा वाकले. रेघेवरून बोट फिरवत राहिले.

"याला कोट घातला होता ना?"

"हो."

"मग लोकर कुठाय? गोळी कोटातून गेली की धागे आत ओढून नेते. आमच्या पलटणीतल्या पोरांच्या जखमांतून मी स्वतः काढलेत."

मी चार नंबरची चिठ्ठी अंगठ्याने दाबत राहिले.

"पोरी," बाबा हळूच म्हणाले, "माझा काढ."

मी काढला. फाटलेल्या पोकळीत तपकिरी धागे पसरले होते. बाबा पाहत राहिले, आणि मी भराभरा बोलत सुटले: हा नुसता ठोकळा आहे, याला हाडं नाहीत, गोळी तिरकी लागली असेल, धुक्यात अंतराचा अंदाज चुकतोच.

"त्याचा कोट करडा होता," एवढंच ते म्हणाले.

समितीचे अध्यक्ष जाड्यांपैकी. त्यांनी बाबांना अगदी मायेने विचारलं, "गोळी लागली, तरी तो उठून गेला. म्हणजे आपली रायफल कमी पडते, असंच ना?"

"गोळी लागली. तो पडला," बाबा म्हणाले.

"आणि मग उठला."

"ते मी पाहिलं नाही, साहेब. पाठ फिरवली आणि धावत टेकडी उतरलो. तो उठला हे मी नंतर ठरवलं."

"पण जबाबात तर तुम्ही लिहिलंय..."

"लिहिलंय. मला खरंच वाटत होतं." बाबांनी खुर्चीची पाठ धरली. "रायफल पुरेशी आहे. पुरून उरते."

अध्यक्षांनी चौथा जबाब खोडला. बारीकांपैकी एकाने तर उठून बाबांचा हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं. तो सोडीपर्यंत बाबा आपल्या हाताकडे बघत होते.

बाहेर भर दुपार होती. बाबा पायरीवर बसले, म्हणून मीही बसले.

"ताईला फोन कर," ते म्हणाले. "तू सांग. मला नाही जमायचं."

"काय सांगू?"

"काका गेले म्हणून."

मी फोन लावला आणि सांगितलं. कुठले काका, असं ताईने विचारलंही नाही. ती म्हणाली, "अगं, पण कशाने?"

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"गोळीने," ते म्हणाले. "माझ्या."