जेरोलामोची शेवटची ओळ

जेरोलामो गाण्यात कायम मागे. कामोलीच्या चर्चमध्ये सगळी मंडळी स्तोत्र संपवून बसली, तरी हा आपला शेवटची ओळ ओढत एकटाच उभा. बिचारा पाद्रीसुद्धा थांबायचा. बहीण झीता शरमेनं मान खाली घालायची आणि बायको एर्सिलिया कौतुकानं बघत राहायची. आवाज मात्र असा खर्जातला, की समोरच्याच्या छातीत घुमावा.

तो माणूस फेब्रुवारीत गेला आणि उन्हाळा येईतो एर्सिलियाचं पार पाप्याचं पितर झालं.

रविवारी दुपारी झीता भरलेल्या मासळीचा डबा घेऊन आली. आज काही झालं तरी वहिनीला चार घास खायला लावायचे आणि आपल्या घरी न्यायचं, असं ठरवूनच आली होती. टेबलावर दोन ताटं मांडलेली, दोन्ही कोरडी ठणठणीत.

"वहिनी, सकाळपासून काय खाल्लंस?"

"तो गायला लागला की भूक कुठली लागायला."

"कोण तो?"

"तुझा भाऊ, दुसरं कोण? बस, ऐकवते."

एर्सिलियानं ग्रामोफोनची छोटी तबकडी काढून यंत्रावर ठेवली. लग्नाआधी जेरोलामोनं तिला दिलेली, कुणा बाईनं गायलेलं प्रेमगीत. ते झीतालाही तोंडपाठ होतं. सुई टेकली आणि बाई गायलीच नाही. जड, संथ पुरुषी आवाज खोलीत पसरला. तीच ओढ, तोच खर्ज. झीताच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"आणि ती गाणारी बाई?"

"तिला त्यानं गप्प बसवलं," एर्सिलिया समाधानानं म्हणाली.

तेवढ्यात झीताची नजर यंत्राच्या वेगाच्या कळेवर गेली. कळ तेहतीसवर होती. छोट्या तबकडीला पंचेचाळीसचा वेग लागतो, हे त्या घरात पोरांना पाढ्यांआधी शिकवायचे. कमी वेगावर बाईचा बाप्या होणारच. आणि कळ सरकवली कुणी? तिनंच. मयताला माणसं येणार म्हणून घाईघाईनं धूळ पुसली होती, तेव्हा. आपल्या एका फडक्यापायी वहिनी उपाशी मरत होती. झीताला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

"वहिनी, हा जेरोलामो नाही गं. तीच बाई आहे. धूळ पुसताना माझ्या हातून कळ सरकली."

"मला ठाऊक आहे. जन्म गेला माझा त्या यंत्रापाशी. मी काय खुळी आहे?"

"मग?"

"मग काय. लाव ना पंचेचाळीसवर. बघ तरी."

झीतानं कळ फिरवली. बाईचा आवाज लख्ख वर आला, पातळ आणि गोड. झीतानं सुटकेचा श्वास सोडला आणि डब्याचं झाकण उघडायला हात घातला.

हात तिथंच राहिला. बाईच्या मागून तो गातच होता. वेग वाढला होता तो तिचा. त्याचा तसूभरही नाही.

झीतानं जाऊन प्लग उपटला. तबकडी मंदावली, बाईचा सूर घरघरत खाली गेला आणि विझला. खिडकीतून किनाऱ्यावर डुंबणाऱ्या पोरांचा गलका ऐकू येत होता.

"संपलं बघ," झीता म्हणाली. म्हणाली ती स्वतःलाच.

एर्सिलियानं ओठांवर बोट ठेवलं. "थांब जरा. त्याची शेवटची ओळ राहिलीय."

यंत्र थंड पडलं होतं. ओळ आली ती टेबलाशी त्याच्या रिकाम्या खुर्चीकडून, सावकाश, ओढत ओढत. झीताची मान आपोआप खाली गेली, चर्चमध्ये जायची तशी. पण आता शरम नव्हती. हा इतका गोड गायचा आणि आपण जन्मभर मान खाली घालून बसलो, एवढंच तिच्या मनात आलं, आणि डोळे भरून आले.

ओळ संपली. एर्सिलिया उठली आणि तिनं कपाटातून तिसरं ताट काढून मांडलं.

"भूक आहे का गं तुला?"

झीतानं न उघडलेल्या डब्याकडे पाहिलं. सकाळपासून तिच्याही पोटात काही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली, आणि तिनं प्लग परत लावला.