गोजरबाईच्या पाठीचा डाग

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला आणि विष्णुपंतांनी घराच्या बाहेरच्या अंगाला हात घातला. सत्तर सालची गोष्ट. थंडी पडली की चुना लवकर वाळत नाही, म्हणून त्याआधीच काय ते उरकायचं, असा त्यांचा हुकूम. घर गुढीपाडव्याला विकायचं होतं. उसाचे पैसे हातात आले की कोल्हारात माणसं घरं बघत हिंडतात, हे पंतांना पक्कं ठाऊक. मुलगा नृसिंह नाशकाला, "आता दोघांनी इकडेच या" म्हणून त्याची पत्रांवर पत्रं. दमयंतीबाईंनाही नातीची ओढ होतीच. जायचं तर ठरलंच होतं. त्यांचा जीव अडकला होता तो फक्त गोजरबाईत.

गोजरबाई मळ्यातली. तीस वर्षं झाली, दर बाजाराच्या दिवशी मेथी-वांग्यांची पाटी घेऊन येणार आणि बाजाराच्या रस्त्यालगतच्या पंतांच्या ओट्यावर, लिंबाच्या झाडाकडच्या टोकाला बसणार. गुडघा पार कामातून गेलेला. खाली बसली की उठवत नसे, आणि बाजारात तर सगळे भुईलाच बसतात. ओटा होता म्हणून तिचा बाजार होता. दुपारी दमयंतीबाई चहा घेऊन बाहेर यायच्या आणि दोघींच्या गप्पा अशा रंगायच्या, की गिऱ्हाईक बिचारं आपल्या हातानंच जुडी उचलून पैसे ठेवून जायचं.

टेकून टेकून तिच्या पाठीचा आणि तेलकट अंबाड्याचा भिंतीवर चांगला हातभर तपकिरी डाग पडला होता. पंत तीस वर्षं ओरडत आले, "गोजरबाई, पाठ भिंतीपासून लांब!" ती म्हणायची, "व्हय आण्णा," आणि पंत आत वळले रे वळले की पुन्हा टेकायची.

सूर्यभान गवंड्यानं ओट्याच्या दगडांमधल्या फटी भरल्या, भिंतीला चुना दिला, खाली गेरूचा पट्टा ओढला. घर असं उजळलं की येणारेजाणारे थांबून बघायला लागले. पण दुसऱ्या दिवशी बघतात तर काय, डाग आपला पुन्हा वर! दुसरा हात दिला. तरी वरच. तेलच ते, चुन्याला कुठलं दाद देतंय! पंतांचा पारा चढला.

"गिऱ्हाईक आधी हाच बघणार!" म्हणत त्यांनी ओट्याला काथ्याची दोरी बांधली. "काम संपेपर्यंत इथे कुणीही बसायचं नाही."

बाजाराच्या दिवशी गोजरबाई डोक्यावर पाटी घेऊन दोरीपुढे उभी राहिली. दमयंतीबाई लगबगीनं बाहेर आल्या.

"अगं, उभी काय? आत दारात बस."

"नगं वैनी. आण्णांचं बरुबर हाय. घर इकायचं तर झ्याक दिसाया पायजे. आन् आज न्हाई तर पाडव्याला, मला उठायचंच हाय की."

हसली आणि लंगडत माघारी गेली. पाटी तशीच भरलेली.

दमयंतीबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं आणि मग तोंडाला धार. "काही वाटतं का हो तुम्हाला? माझ्या बाळंतपणात हीच रात्ररात्र बसली होती उशाशी. नवा मालक तिला क्षणभर तरी बसू देईल का? कुठं जायचं तिनं?"

पंत डागाकडे बघत राहिले. सगळी हयात कचेरीत दस्त लिहिण्यात गेली, पण बोलण्याच्या बाबतीत हा माणूस पहिल्यापासून कंजूष. दोन दिवस घरात "पान वाढलंय" यापलीकडे शब्द नाही.

तिसऱ्या दिवशी सूर्यभान चुन्याची बादली घेऊन आला.

"तेवढा डाग सोड," पंत म्हणाले. "भोवतीनं मार." आणि स्वतःच्या हातानं दोरी सोडली.

दमले असतील, असं दमयंतीबाईंना वाटलं. त्यांनी मळ्यात निरोप धाडला. गोजरबाई पुन्हा यायला लागली, पण आता ताठ बसायची, भिंतीपासून चार बोटं लांब. थंडीभर तिची पाठ भिंतीला लागली नाही.

माघात एक गिऱ्हाईक आलं, तासाभरात उठून गेलं. "जमलं नाही," एवढंच पंत म्हणाले.

पाडव्याला दारी गुढी उभी राहिली आणि श्रीगोंद्याचे श्रीमंतराव आले. कापडाचं दुकान काढायला त्यांना घर हवं होतं. भाव ठरला, पंतांनी दस्ताचा मसुदा पुढे केला. श्रीमंतराव मोठ्यानं वाचायला लागले. दमयंतीबाई दाराआड उभ्या.

"पूर्वेस ओटा व त्यापुढे बाजारचा रस्ता. ओट्याच्या लिंबाकडील टोकास, भिंतीवरील तपकिरी खुणेपाशी, गोजरबाई यांची बाजाराच्या दिवशी बसण्याची तीस वर्षांची वहिवाट असून, ती त्यांच्या हयातीपर्यंत खरेदीदारास मान्य आहे." श्रीमंतराव थांबले. "पंत, मी घर घेतोय का भाजीवाली?"

"दोन्ही," पंत म्हणाले. "मान्य नसेल तर राहू द्या. आधीचे गृहस्थ याच ओळीवर उठून गेले."

श्रीमंतरावांनी डोकं खाजवलं, बाहेर डोकावून पाहिलं. "बसू दे. भाजीला आलेल्या बाया कापडही बघतील. राहू द्या ओळ."

पाडवा नेमका बाजाराच्या दिवशीच आलेला. दमयंतीबाई धावतच ओट्यावर गेल्या आणि गोजरबाईचा हात धरून, रडत-हसत, सगळं सांगितलं. गोजरबाई बघतच राहिली.

"माजं नाव? कागदावर?" ती म्हणाली. "जमीन सासऱ्याची, मंग मालकाची, आता पोरांची. माजं नाव कुटंच न्हाई आलं, वैनी. परत सांगा बरं, कसं लिव्हलंय?"

तेवढ्यात पंत दारात आले. गोजरबाई सवयीनं सावरून आणखी ताठ झाली.

"अगं, टेक की पाठ नीट!" पंत खेकसले. "खूण पुसली गेली तर दस्ताला विचारतो कोण?"

"व्हय आण्णा," म्हणत गोजरबाईनं पदरानं डोळे पुसले आणि भिंतीला पाठ टेकली.